वासासाठी थांबा

सोमवार, दिनांक १७ फेब्रुवारी २०२५, सकाळचे साडेसात. कळंबच्या बाजारपेठेपलीकडील एका खासगी दूध शीतकरण केंद्रात कुलदीप जुन्या संगणकप्रणालीतील कालबाह्य आज्ञांची यादी अखेरची तपासत होता. दोनशे बारा आज्ञा नव्या यंत्राला कळत नव्हत्या; त्यांपैकी दोनशे अकरा त्याने बदलल्या होत्या. आजचे दूध बिनअडथळा टँकरमध्ये गेले, तर केंद्र त्याचे काम स्वीकारणार होते. नाहीतर सहा महिन्यांची मेहनत मातीत.

उरलेली आज्ञा प्रत्येक कॅनमागे संगणकाचा पडदा थांबवी. पूर्वी त्या विरामात चन्नबसप्पा नावाचे वृद्ध तपासनीस झाकण उघडून दुधाचा वास घेत आणि मगच कळ दाबत. ते वारल्यापासून तपासणी यंत्र करी. कळ मात्र कोणीतरी दाबतच असे.

"काढून टाकतो," कुलदीप म्हणाला. "जिला काम नाही, ती आज्ञा ठेवायची कशाला?"

"काम न्हाय, हे कुणी ठरवलं?" रसायनतज्ज्ञ उझमा नळ्या धुता धुता म्हणाली. "सासूला बी काम नसतंय, सर. काढून बघा की घरातनं!"

त्याने ती ओळ पुसली.

पहिले चाळीस कॅन सरसर गेले. एकेचाळिसाव्याला पडदा थांबला. थांबण्याची आज्ञा आता कुठेच नव्हती. त्याने ती तीनदा शोधली. तेवढ्यात वास आला. कुबट गोणपाटात सडलेल्या चिकाचा, आंबट, तेलकट, जिभेच्या मुळाशी सायीसारखा बसणारा. त्याने बाहीने नाक दाबले.

"पहाटंच धार काढलीया, लेकरा," कॅनची मालकीण द्वारकाबाई कळवळली. "ह्यो वास माज्या दुधाचा न्हाय."

यंत्रही म्हणत होते, दूध उत्तम. बाहेर टँकरचा भोंगा वाजत होता. कुलदीपने कळ दाबली. मग दहाही बोटे आपटली. पडदा ढिम्म.

शेवटी त्याने नाक कॅनमध्ये घातले. दूध ताजे, गोडसर, किंचित कोमट.

पडदा सरकला.

पुढचा प्रत्येक कॅन तसाच. साठ वेळा तो वाकला. साठही वेळा आत निर्मळ दूध आणि बाहेर ती सडकी घाण. आता ती त्याच्या बाहीला येत होती, चष्म्याला येत होती, थुंकीला येत होती. त्याने चहा मागवला. पहिलाच घोट तोंडात गाठाळला.

टँकर भरून निघून गेला. दूध सारे कसोटीला उतरले होते.

फलाट रिकामा होता.

पडदा पुन्हा थांबला. पुरवठादाराच्या जागी कुलदीपचे नाव होते.

"सर, हलू नका," उझमा म्हणाली.

तिने नाकावरची ओढणी खाली केली, त्याच्या मानेशी वाकली आणि सावकाश वास घेतला.

मग दोन पावले मागे सरली.

"हे घेता येणार न्हाय."