हितसंबंध

"लाच आणि भेट, यांत फरक काय?"

रुचिता हे स्वतःशीच पुटपुटली होती. कर्जतच्या चार फाट्यावर नागूची जीप भरायची वाट बघत उभी होती, आणि चौकजवळच्या कॉलेजात एमबीएच्या मुलांना ती आज हेच शिकवणार होती. पण उत्तर आलं ते समोरच्या सीटवरून.

"भेट चारचौघांत देता येते."

तिनं झटकन वर पाहिलं. सावळा, किंचित वाढलेली दाढी, आणि डोळ्यांत असं हसू की जणू हा तिला कधीपासून ओळखतोय.

"मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

"मग एवढ्या मोठ्यानं विचारायचं नव्हतं!"

जीपमधल्या बायका खुदकन हसल्या. रुचितानं खिडकीकडे तोंड फिरवलं. भातखाचरं पोपटी झाली होती, वारा त्यांच्यावरून हात फिरवत चालला होता, पण तिचं लक्ष तिकडे नव्हतं. हा कोण? आणि एवढं नेमकं उत्तर याला सुचलं कसं?

त्याचं नाव हरेश. शेलूचा. चौकला कशासाठी, असं नागूनं विचारलं तेव्हा म्हणाला, "आहे... थोडंसं काम."

ते 'थोडंसं' रुचिताच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

ती संशयी होती खरी, पण उगाच नव्हती. कशेळ्याजवळ त्यांची भातशेती. रस्ता रुंद झाल्यापासून आठवड्याला कुणीतरी पांढऱ्या बुटातला माणूस दारात यायचा, तिच्या वडिलांना, बुधाजींना, 'काका, काका' करायचा आणि हळूच सातबारा मागायचा. त्यामुळे कुणी गोड बोललं की रुचिता आधी सावध व्हायची. वर्गातलं तिचं पहिलं वाक्यही तेच होतं: "गोड बोलणाऱ्याचा फायदा कशात आहे, ते आधी शोधा."

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा जीपमध्ये. वाडीवरची मंगळी टोपली घेऊन बसली होती. तिच्याकडून त्यानं एक लांबलचक काकडी घेतली आणि थेट रुचितापुढे धरली.

"सगळ्यांसमोर देतोय. म्हणजे भेट."

"कशाच्या बदल्यात?"

"तुमच्या शेजारच्या सीटच्या."

"घे गं बाय," मंगळी हसत म्हणाली, "कवळी हाय."

रुचितानं घेतली. अर्धी मोडून त्याला दिली... बोटांना बोटं लागली, आणि दोघंही एकदमच बाहेर बघायला लागले.

मग गुरुवार येत राहिले. ती बोलत गेली, तो ऐकत गेला. एथिक्सचा तास म्हणजे मुलांना झोपेचा तास कसा वाटतो, मागच्या बाकावरची हर्षला दर वेळी 'मॅडम, प्रामाणिक राहून धंदा चालतो का?' असं कसं विचारते, सगळं तिनं सांगितलं. आपण तासिकेवर आहोत, दिवाळीनंतर कायम जागा भरणार आहेत, आणि मुलाखतीच्या डेमोला आपण 'लाच आणि भेट' घेणार आहोत, हेसुद्धा. तो ऐकायचा मात्र फारच मन लावून.

एकदा म्हणाला, "डेमोला मुलं खरीच बसवतात का?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"सहज..." तो म्हणाला, आणि त्यानं नजर चुकवली. रुचितानं ते पाहिलं.

दिवाळी झाली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या फलकावर उमेदवारांची नावं लागली. दोनच होती. एक तिचं. दुसरं... हरेशचं.

तिची कानशिलं तापली. ते 'थोडंसं काम', शेजारची सीट, काकडी, ते हसू, ते मन लावून ऐकणं, सगळ्याला एका क्षणात अर्थ आला. वेडी! मुलांना काय शिकवतेस, आणि स्वतः काय करून बसलीस?

ती तशीच वर्गात गेली.

"समजा, दोन कंत्राटदार आहेत आणि काम एकच आहे. एकाला हे ठाऊक आहे, दुसरीला नाही. तो रोज तिच्याशी गोड बोलतो, तिचे बेत काढून घेतो. हे योग्य?"

हर्षलानं हात वर केला. "मॅडम, तो नुसता बेतच काढून घेत होता, की अजून काही होतं?"

वर्ग हसला. रुचिता लाल झाली. आणि मग, जे करायला नको होतं, ते तिनं केलं.

"उद्या दुसरे सर डेमो घेतील," ती फळा पुसत म्हणाली. "हाच प्रश्न त्यांना विचारा."

दुसऱ्या दिवशी ती दाराबाहेर उभी होती. आता चोरेल माझा विषय, आता चोरेल... पण हरेशनं तो विषय घेतलाच नाही. त्यानं शेलूच्या नव्या इमारतींची जाहिरात फळ्यावर लिहिली: 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं.'

"कुणाची पाच मिनिटं?" त्यानं विचारलं. "धावणाऱ्याची, की पिशव्या घेऊन चालणाऱ्या बाईची?"

मुलं पुढे सरसावली. कुणी हसत होतं, कुणी वाद घालत होतं. रुचितालाही हसू येणार, एवढ्यात हर्षला उभी राहिली आणि तिनं तो प्रश्न विचारला. जसाच्या तसा.

हरेशच्या हातातला खडू थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं. रुचिता दिसली.

"अयोग्य," तो म्हणाला. "ती तिथंच शिकवते हे कळलं, तेव्हाच त्यानं सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलं, सर?"

"सांगितलं असतं तर... ती त्याच्याशी बोलायची थांबली असती."

  पुढची दोन वाक्यं अर्धवट बोलून हरेश खाली मान घालून निघून गेला.

रुचिताचा डेमो झकास झाला. टाळ्याही पडल्या. पण त्या टाळ्या तिला बोचल्या. परीक्षकांसमोर त्याला आपण कोंडीत पकडलं होतं, तेही पोरांच्या तोंडून. ती सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेली.

"सर, त्यांचा डेमो पुन्हा घ्या. तो प्रश्न मी पेरला होता."

प्राचार्यांनी चष्मा काढला, मायेनं हसले. "मॅडम, कशाला जिवाला त्रास करून घेता? जागा कधीच भरली. संस्थेच्या अध्यक्षांचे भाचे सोमवारी रुजू होतायत. डेमो म्हणजे आपली एक पद्धत. तुम्ही तासिकेवर राहा की! त्यांना नोट्स काढून द्यायला कुणीतरी लागेलच."

"एथिक्सच्या नोट्स?"

"हो, मग!"

 रुचितानं आयुष्यभर जिथं तिथं संशय घेतला, आणि जिथं घ्यायचा तिथं मात्र...

"मला नाही जमणार, सर," ती म्हणाली, आणि दार लोटून बाहेर पडली.

हरेश चौकच्या थांब्यावर उभा होता. तिला पाहून तो दूर सरकला.

"प्रश्न मी विचारायला लावला होता," ती म्हणाली.

"कळलं मला. मुलांना जीपमधलं कसं कळणार?"

"राग आला?"

"आला. पण... बरंही वाटलं. निदान खरं बोलून झालं."

मग तिनं भाच्याची गोष्ट सांगितली. तेव्हा दोघंही असे हसत सुटले की थांब्यावरची माणसं बघायला लागली. हसता हसता रुचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यानं हात पुढे केला, आणि मध्येच थांबवला.

"रुचिता, एक सांगायचंय. पण यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून ठेवतो."

"कसला?"

"तू... मला हवी आहेस. जन्मभर."

रस्त्यावरून टेंपो धडधडत गेला.  मग हरेशचा अधांतरी थांबलेला हात तिनं आपल्या हातात घेतला.

"अजून काही लपवलंयस?"

"नाही."

"बघ हं... मी शोधून काढीन."

"काढ की. वेळच वेळ आहे. नोकरी दोघांनाही नाही!"

पुढच्याच रविवारी तो कशेळ्याला आला. बुधाजींनी त्याला ओटीवर बसवलं, पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. रुचिता दाराआड उभी होती.

"काम काय करता?" बुधाजींनी विचारलं.

"सध्या काही नाही, काका. शोधतोय."

"घर?"

"भाड्याचं आहे."

 बुधाजी आत वळून म्हणाले, "आयकलंस का गं? नोकरी नाय, घर नाय, आन् सांगतोय कसा तोंडावर! पोरगी मागाय आलेला असला येडा मी पयल्यांदाच बघतोय."

चुलीपुढून रुचिताच्या आईचा, सोनुबाईंचा, आवाज आला, "आपली तरी कुटं शानी हाय? जेवाय बसवा त्याला."

हरेशनं दाराकडे पाहिलं. रुचितानं ताट आणलं, त्याच्यापुढे ठेवलं, आणि वडिलांच्या देखतच त्याच्या शेजारी जाऊन बसली.