कबरस्तानापाशी उजवीकडे

कोचकोर गावच्या बाजाराला लागून ओमुरचं चाकांची अलाइनमेंट करायचं गॅरेज होतं. भर दुपारी कुबातची गाडी तिसऱ्यांदा दारात आली.

“ओमुरदादा, अजून उजवीकडे ओढतेय. ते पण फक्त कबरस्तानापाशी. आज बायकोला, बुरुलला, बाळंतपणासाठी नारीन शहराच्या इस्पितळात न्यायचंय.”

“चाकं सुतासारखी सरळ आहेत. वाकडा तूच.”

तरी ओमुर शेजारी बसला. ताज्या बर्फानं रस्ता कोरा पांढरा झाला होता. गाडीला रस्त्यावरच्या पट्ट्यांत ठेवणारी यंत्रणा पट्टेच दिसत नसल्यानं गप्प होती. काचेवर वायपर तेवढा घासत होता.

कबरस्तान आलं. इथले सगळेच करतात तसं कुबातनं स्टिअरिंग सोडलं आणि मेलेल्यांसाठी दुआ मागायला दोन्ही तळवे चेहऱ्यापुढे धरले.

“अरे, हात!”

“बाप झोपलाय इथं. चोरासारखा जाऊ?”

तो ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिला. आणि स्टिअरिंगमागच्या पडद्यावर, यंत्रणेला पट्टे दिसले की उमटतात तशा, दोन हिरव्या रेघा उमटल्या. समोर तर नुसतं बर्फ... रेघा उजवीकडे, कबरींवरच्या मातीच्या घुमट्यांकडे वळत होत्या. स्टिअरिंगही वळू लागलं. हळू, झोपलेल्या माणसाला कूस बदलून द्यावी तसं.

ओमुरनं झडप घालून ते धरलं. गाडी थांबली, पुढची चाकं रस्त्याखाली.

हात सुटले की ही यंत्रणा दोन-चार क्षणांत किणकिणून ओरडते, हे त्याला ठाऊक होतं. आज ती ओरडलीच नव्हती. तिच्या लेखी स्टिअरिंगवर हात होते.

“काय झालं, दादा?”

“काही नाही. बुरुलला माझ्या गाडीतून नेऊ.”

ओमुरची गाडी जुनाट. तिला ना कॅमेरा, ना पडदा. बुरुल मागे उशीला टेकून कण्हत होती. डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास दाटला होता. कबरस्तान दिसताच ओमुरनं स्टिअरिंग घट्ट आवळलं. शेजारी कुबातनं तळवे वर केले.

स्टिअरिंग जड लागलं. खांदे भरून आले, पण त्यानं ते सरळ ठेवलं.

“दादा...” मागून बुरुल कुजबुजली. “यांना सांगा ना, सोडा म्हणावं. दोघांनी मिळून कशाला धरताय?”

ओमुरनं शेजारी पाहिलं. कुबातचे दोन्ही तळवे अजून चेहऱ्यापुढेच होते.