पुलावरची मोजणी

उद्या बोट हवी आहे ना तुम्हाला? न्या की. किल्ली खिळ्याला अडकवली आहे. पण आधी दोघं बसा इथे. सूनबाई, तो मोठा दिवा घालव, डोळ्यांवर येतो.

आणि तू हसू नकोस, पुतण्या. ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याची आहे तो माझा जिवाभावाचा माणूस, आणि त्या रात्री खालच्या धक्क्यावर त्याची वाट बघत मीच उभा होतो.

आम्ही त्याला पूलमास्तर म्हणायचो. खाडीवरचा जुना पूल तुम्ही पाहिलाय, ज्याचा मधला भाग बाजूला फिरवून ठेवलेला आहे. आता उंच पूल झाला, म्हणून तो तसाच उघडा पडून असतो. पूर्वी बोट आली की मास्तर यंत्राने पूल फिरवायचा, बोट गेली की परत जागेवर आणायचा. मधल्या खांबावर त्याची खोली. एकतीस वर्षं तिथे काढली त्याने. कामाची एक शिस्त होती. बोट जाताना खिडकीतून ओरडायचं, "किती?" बोटीतला माणूस आकडा सांगायचा. मग मास्तरने स्वतःच्या डोळ्यांनी डोकी मोजायची आणि वहीत लिहायचं. सकाळी समुद्रावर पाच गेले आणि संध्याकाळी चारच आले, तर तिथल्या तिथे कळावं म्हणून.

तेव्हा मास्तर भारी बोलका. एकदा सुरू झाला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना एका संध्याकाळी एक मासेमार त्या खाडीत बुडाला. मास्तरला कोणी बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून त्याची वाचाच बसली. हो, नाही, जेवलो, झोपतो. बस्स. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, सहा वर्षं भांडून पाहिलं, रडून पाहिलं, डॉक्टरकडे नेऊन पाहिलं. मास्तर नुसता बघत राहायचा. आत काही हलायचंच नाही, असं तो मला नंतर म्हणाला. भाजीत मीठ आहे की नाही तेही कळायचं नाही.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, मी भिंतीशी संसार करतेय. ताईकडे जाते राहायला. कायमची."

"बरं," मास्तर म्हणाला.

मला कळलं तेव्हा मीच मध्ये पडलो. माझी एक लाँच खाडीच्या वरच्या अंगाला बोटींच्या कारखान्यात रंगवून तयार होती, ती खाली धक्क्यावर आणायची होती. मास्तरला म्हटलं, माझा गुडघा धड नाही, तूच घेऊन ये. वहिनींना बरोबर घे, दोन दिवस रमतगमत या. वहिनी हो म्हणाल्या. पण बॅग भरूनच बोटीत चढल्या. त्याला म्हणाल्या, "या दोन दिवसांत बोललात तर बोललात. नाहीतर धक्क्यावरूनच ताईच्या गावची गाडी पकडते."

तसं पाहिलं तर छान चालली होती सफर. पाणी संथ. दोन्ही काठांना गर्द झाडी. वहिनींनी स्टोव्हवर चहा केला, मागच्या बाकावर बसून पाय पाण्याकडे सोडले. "बघा तो बगळा," त्या म्हणाल्या, "तोसुद्धा तुमच्यापेक्षा बडबड्या निघाला." मास्तर पुढे केबिनमध्ये सुकाणू धरून उभा. त्याने बगळा पाहिला. काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारनंतर वहिनींनी बोलणं सोडून दिलं.

तारीख सव्वीस नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. ओहोटी लागलेली. आकाशात चंद्राची नुसती नखाएवढी कोर. जुना पूल आला.

ओहोटीत तिथे पाणी ओढतं, बोटीचा मागचा भाग मधल्या खांबाकडे जातो. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तो न वळताच म्हणाला, "बांबू घे. खांबाला लागली तर ढकल."

वहिनी उठल्या असाव्यात. त्याने पाहिलं नाही. इंजिनाचा आवाज होता.

बोट खांबाजवळून सरकली. वर खोली. काचा फुटलेल्या, दाराला कुलूप. आत काळोख.

आणि वरून हाक आली.

"कितीऽ?"

मास्तरच्याच पद्धतीने. शेवटचा 'ती' लांबवून.

तो घाबरला नाही, पोरांनो. तेच तर वाईट. एकतीस वर्षांची सवय. तोंड आपोआप उघडलं.

"दोन!"

बोट पुढे गेली. वर शांतता.

मग पुन्हा. जरा जवळून.

"कितीऽ?"

"दोन."

...

इंजिन चालू होतं. हात सुकाणूवर होते. त्याला वाटलं, आता तिसऱ्यांदा विचारतील. कोणी विचारलं नाही. पाच मिनिटं गेली. मागून बांबूचा आवाज नाही. खोकला नाही. काही नाही.

मग तो वळला.

बाक रिकामा होता.

मास्तर सांगायचा, त्या क्षणी सहा वर्षांत पहिल्यांदा छातीत काहीतरी दुखलं. त्याने बोट वळवली. हाक मारली. वहिनींना पोहता येत नव्हतं. टॉर्च पाण्यावर... काळं पाणी... नुसता बांबू वाहत चाललेला.

टॉर्च खांबावर गेली.

खांबाला टेकून डोकं. हनुवटीपर्यंत पाणी. एक हात वर.

वहिनी.

हाताला दोरी होती. मनगटाला एक टोक, खांबाच्या लोखंडी कडीला दुसरं. त्याने गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. शेवटी भाजीच्या सुरीने दोरी मधोमध कापली आणि त्यांना वर ओढलं. अंगावर चादर टाकली. बऱ्याच वेळाने वहिनींना शब्द फुटला. "बरं झालं तुम्ही बांधलंत. हात सुटतच होता माझा."

"मी नाही बांधलं," मास्तर म्हणाला.

आणि मग तो बोलला. इंजिन बंद, बोट नांगरावर, आणि हा माणूस बोलत सुटला.

त्या संध्याकाळी दोघे मासेमार समुद्रावरून परत येत होते. पुलाखाली मागचा माणूस पाण्यात पडला. पुढच्याला कळलंच नाही. मास्तरने विचारलं, "किती?" पुढचा सवयीने म्हणाला, "दोन." मास्तरने मान वर न करता दोन लिहिलं. खिडकीतून गार वारा येत होता, म्हणून ती लावून घेतली. तासाभराने आरडाओरडा झाला. वही बघितली. पूल ओलांडताना दोघे होते, म्हणजे माणूस पुलाच्या वरच्या अंगाला पडला. दहा बोटी रात्रभर वर शोधत राहिल्या. मास्तरही कंदील घेऊन त्यांच्यात होता. चौकशीत त्याला विचारलं, "तुम्ही स्वतः मोजलेत?" तो म्हणाला, "मोजले."

"सकाळी सापडला," मास्तर म्हणाला. "माझ्या खोलीच्या खाली. याच खांबाला. वाहून जाऊ नये म्हणून त्याने स्वतःचं मनगट कडीला बांधून घेतलं होतं. वाट बघत राहिला गं तो. आणि मी सगळ्यांना भलतीकडे पाठवलं."

वहिनी रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्याची बायको कुठे राहते?"

साडेनऊला बोट धक्क्याला लागली. वहिनी बॅग घेऊन उतरल्या. म्हटलं, निघाल्या या. त्यांनी ती बॅग मास्तरच्या हातात दिली. "धरा. उद्या सकाळी त्या बाईकडे जायचं. तुम्ही सांगायचं, सगळं, तिच्या समोर बसून. ती काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं. मग घरी जाऊ."

मास्तरने मान हलवली.

मग वहिनींनी माझ्यापुढे मनगट धरलं. "भाऊजी, हे तेवढं काढा. सुटत नाहीये."

दोरीचा फास इतका घट्ट की खाली करंगळी जाईना. मी तारा कापायची पक्कड आणली. टॉर्च धरली. गाठीवर पांढरं काहीतरी दिसलं. आधी वाटलं, रंग लागलाय कारखान्याचा.

शिंपले होते. बारीक बारीक, गाठीच्या पेडापेडांत रुतून वाढलेले, एकावर एक. बोटीच्या बुडाला असा थर धरायला वर्षं लागतात, मी जन्मभर खरवडत आलोय. वहिनी पाण्यात होत्या जेमतेम पंधरा मिनिटं.

मी पक्कड दाबली. दोन शिंपले फुटले.

आत ओलं होतं. जिवंत होते ते.