सरावाचं बारसं

पर्वत पाटिया भागात साड्यांच्या गोदामावर एक छोटंसं ऑफिस आहे. तिथे योगिता दिवसभर बाळ रंगवायची. खरं नव्हे, संगणकातलं. नवजात बाळाच्या सीटी स्कॅनच्या पातळ चकत्या एकावर एक रचायच्या, प्रत्येकीत यकृत, फुप्फुसं, हाडं वेगवेगळ्या रंगांनी भरायची, की आतून-बाहेरून हुबेहूब पोर तयार! मग त्याच्यावर संगणकातच किरणं सोडायची आणि एक्स-रे काढताना तान्ह्याच्या कुठल्या अवयवाला किती मात्रा बसते ते मोजायचं. काम चांगलं होतं. खऱ्या बाळांचा त्रास त्यामुळे वाचणार होता.

"सर, हे स्कॅन कुणाच्या बाळाचे?" शेजारच्या दिपालीने एकदा विचारलं.

"नाव-गाव पुसूनच येतात," किरणसर म्हणाले. "आणि इतके बारीक स्कॅन जिवंत बाळाचे कोण काढू देईल?"

त्या दिवशी दिपालीचा डबा तसाच परत गेला.

इकडे लिंबायतला योगिताच्या भावाला, प्रवीणला, मुलगा झाला. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचा. मल्हार हे नाव तिने कधीचं मनात धरून ठेवलं होतं. बारशाआधी ते तोंडातून काढायचं नाही, अशी तिच्या आईची, मालतीबाईंची, सक्त ताकीद होती. पण आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दिपालीने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.

"आत्याबाई, सराव तरी करा! हे बिचारं बिननावाचंच पडलंय."

योगिता हसतहसत पडद्याशी वाकली, त्या राखाडी कानाशी 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगून मोकळी झाली. दिपालीने रीतीप्रमाणे तिच्या पाठीत चार धपाटेही घातले.

दुसऱ्या दिवशी पाळण्यात तेच नाव सांगितलं, तर बाळाने पापणीसुद्धा हलवली नाही. आणि त्या दिवसापासून त्याने दूध पिणं सोडलं. डॉक्टरांना काही सापडेना. वैशालीवहिनी रडून अर्धी झाली. मालतीबाई मीठमिरच्या ओवाळून थकल्या.

"पोरले नजर लागनी व माय कोनी तरी," त्या पुटपुटायच्या. योगिता खाली मान घालून ऐकायची. नाव आधी कुठे उच्चारलं हे सांगायची तिची छाती होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी किरणसरांनी तिला बोलावलं. "याचं पोट पुन्हा रंगवलंस का? वजन वाढलेलं दाखवतंय."

तिने हात लावला नव्हता. तिने पोटाची चकती उघडली. रंगवताना जठर रिकामं होतं, तिने स्वतः ते काळं सोडलं होतं. आता ते काठोकाठ भरलेलं होतं, पांढुरक्या कशाने तरी.

योगिताने चकती बंद केली. "सर, आज किरणं नका सोडू."

"वेडी आहेस का? दुपारी आकडे पाठवायचेत. चहा घेऊन येतो, मग सुरू करू."

ते बाहेर पडले. दिपाली खाली गेली होती. किरणं कोणावर पडणार, एवढा एकच विचार योगिताच्या डोक्यात होता.

ती त्या कानाशी वाकली. "तू मल्हार नाहीस. ते माझ्या भाच्याचं नाव आहे, परत दे. तू... तू निंबा."

निंबा तिच्या आजोबांचं नाव. तोंडात तेच आलं.

किरणसर आले. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावरचं बाळ डोळे मिटून निपचित पडलं होतं. त्याच्यातून किरणं आरपार जात राहिली.

फोन वाजला. वैशालीवहिनी हुंदके देत हसत होती. "ताई, प्यायला! पोटभर प्यायला!"

योगिता जिन्यात बसून हमसाहमशी रडली.

संध्याकाळी घरात पेढे वाटले जात होते. मालतीबाई नातवाला मांडीवर घेऊन चुटक्या वाजवत होत्या. "मल्हार, ए मल्हार! इकडे दख ना, सोन्या!"

बाळ भिंतीकडे बघत राहिलं.

"पोट भरनं, आते कशाले दखी," त्या कौतुकाने म्हणाल्या.

योगिता दाराशी थबकली. नको नको म्हणताना ते नाव तिच्या ओठांवर आलंच, शेजारी उभ्या प्रवीणलाही ऐकू जाणार नाही इतकं हळू.

"निंबा."

अजून मानही न धरलेल्या त्या बाळाने मान वळवली आणि ते तिच्याकडे बघून हसलं.