काटा पन्नासावरच होता

आमच्या वीजघरात एकच मशीन. वर तलाव, तिथून उतरणारा मोठा पाइप, खाली टर्बाइन आणि टर्बाइनच्या शेजारी गव्हर्नर. नाव साहेबाचं, पण काम आईचं. कोणाला किती भूक आहे ते न विचारता ओळखायचं आणि तेवढंच वाढायचं. गावात कोणी मोटर लावली की मशीनवर ओझं पडतं, ते जरासं मंदावतं, वेग दाखवणारा काटा पन्नासाच्या खाली सरकतो. गव्हर्नरला ते कळतं. त्याचा मनगटाएवढा लोखंडी दांडा बाहेर येतो, पाण्याची झडप उघडते, मशीन पुन्हा आपल्या चालीवर येतं. ओझं उतरलं की दांडा आत. गाणारा कितीही रंगात येवो, टाळकरी लय सोडत नाही, तसं.

एरवी त्याची थोरवी कोणाला दिसत नाही. मोठी लाइन जोडलेली असते, शेकडो मशीनं एकमेकांचा हात धरून चालतात, त्यात आमचं म्हणजे मुंगीचं बळ. पण त्या दिवशी मोठ्या लाइनचा एक मनोरा दुरुस्तीला घेतला होता आणि सकाळपासून सगळं गाव आमच्या एकट्या मशीनवर होतं. अशा दिवशी रीत ठरलेली. मोठी मोटर लावायच्या आधी वीजघरात फोन करायचा.

“लावू का मॅडम?” लाकूड कापायच्या गिरणीवाल्याने विचारलं.

“लावा. पण एक करवत चालू झाली की मग दुसरी.”

“तुमच्या राज्यात करवतीलासुद्धा रांग!”

दांडा बाहेर आला. काटा किंचित दचकला, पुन्हा पन्नास.

मला मात्र दिवसभर एकाच घराची काळजी होती. ताईची फुप्फुसं थकली होती, ती हवेच्या मशीनवर होती आणि ते मशीन विजेवर. अडीअडचणीला ठेवलेला सिलिंडर भाऊजींनी भरायला पाठवला होता, तो अजून आला नव्हता. ही ताई एके काळी देवाचं गाणं म्हणायला बसली की एका दमात अशी ओळ ओढायची की आम्हा ऐकणाऱ्यांचाच जीव कासावीस व्हायचा. आता तिचं बोलणं म्हणजे दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द.

जेवण झाल्यावर फिटरकाकांनी मला हाक मारली. “अगं, हे काय करतंय बघ.”

दांडा बाहेर येत होता. क्षणभर थांबत होता. आत जात होता. पुन्हा बाहेर. फोन तर कोणाचाच आला नव्हता.

“हंटिंग असेल,” मी म्हटलं. गव्हर्नर कधीकधी आपल्याच शेपटीमागे धावतो. आधी जास्त उघडतो, मग घाबरून जास्त मिटतो. त्याला आम्ही हंटिंग म्हणतो.

“म्हातारं झालंय बिचारं. मी जिना चढल्यावर असाच दिसतो,” काका म्हणाले.

मी हसले आणि सवयीने काट्याकडे पाहिलं.

हंटिंग असलं की काटाही झुलतो. झडप जास्त उघडली तर मशीन पळायलाच हवं. काटा पन्नासावर होता, चिकटवल्यासारखा. मी काचेवर टिचकी मारली. पन्नास. गावात जाणाऱ्या तिन्ही लाइनींचे मीटर पाहिले. तेही जागच्या जागी. पाणी वाढत होतं, वेग वाढत नव्हता, गावात जास्तीची वीज जात नव्हती. मग जात होती कुठे?

पाइपमधून आवाज येत होता. भरताना बारीक, ओसरताना लांब.

“मीटर खोटं बोलतंय,” काका म्हणाले.

“तिन्ही?”

“मग दांडा खोटं बोलतोय.” त्यांनी दांड्यावर तळवा ठेवला आणि चटकन काढून घेतला.

“भाजलं का?”

“नाही गं.” ते आपल्या तळव्याकडे बघत राहिले. “कोमट आहे. अंगासारखा.”

अशा वेळी करायचं ते ठरलेलं असतं. गव्हर्नर सोडवायचा आणि झडप हातचाकाने एका जागी धरायची. हातावर घेणं म्हणतात त्याला. मी मशीन हातावर घेतलं. दांडा अर्ध्यावर थांबला. पाइप गप्प झाला. काटा पन्नासावर.

“झालं बघ सरळ,” काका म्हणाले.

फोन वाजला. मला वाटलं, गिरणीवाला. भाऊजी होते.

“धाकटे, लाइट कमी केलीत का?”

“नाही. का?”

“मशीन चालू आहे, दिवाही जळतोय, पण हिची छातीच हलत नाहीये. अगं, डोळे उघडे आहेत, माझ्याकडे बघतेय, पण...”

मी काय विचार केला ते मला आजही सांगता येणार नाही. विचार केलाच नाही. फोन टेबलावर टाकला, हातचाक सोडलं, गव्हर्नर परत जोडला.

दांडा बाहेर आला.

टेबलावरच्या फोनमधून भाऊजींचं बारीक रडणं ऐकू आलं. “आला. श्वास आला. देवा, आला गं.”

काका स्टूल ओढून दांड्यासमोर बसले, आजाऱ्याच्या उशाशी बसतात तसे.

ऊन कलताना मोठी लाइन आली. आम्ही मशीन तिला जोडलं. दांडा चालूच होता. मुख्य कचेरीतून निरोप आला, तुमचं मशीन बंद करा. तलाव तळाला लागला होता. पाइपात हवा शिरली तर टर्बाइनची पाती तुटतील. शिवाय गावाला आता मोठ्या लाइनची वीज होती, आमच्यापेक्षा भक्कम. मला सगळं समजत होतं.

“थोडा वेळ राहू द्या ना काका.”

“किती वेळ धरून ठेवशील?”

वर पाइपाच्या तोंडाशी पाणी गुरगुरायला लागलं होतं.

“दुपारचं योगायोग समज,” काका म्हणाले.

“समजू?”

“समज गं बाई. म्हणजे मलाही समजता येईल.”

मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

दांडा हळूहळू आत गेला.

तिथेच राहिला.

मशीनची घरघर उतरत गेली. इतकी शांतता त्या खोलीत मी कधी ऐकली नव्हती. मी ताईच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. वाजतच राहिला.

मग उचलला. ताईने.

“अगं तूच का मला वाटलंच तू करशील हे उगाच घाबरलेत दुपारी जरा अडकल्यासारखं झालं होतं पण आता किती हलकं वाटतंय म्हणून सांगू ती नळीसुद्धा मी काढून ठेवली बघ आणि तुला आठवतं का ती ओळ जी मी ओढायचे आणि तू माझ्या तोंडावर हात ठेवायचीस ती मघापासून मनात घोळतेय...”

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तोच आवाज, मोकळा, भरलेला. काकांना मी खुणेनेच सांगितलं, बरी आहे. त्यांनी हात जोडले.

ताई बोलत होती. लहानपणाचं घर, अंगण, आई. मी भिंतीला टेकून ऐकत होते. काकांनी दिवे लावले, दार ओढलं, डबा आवरला. ताई बोलतच होती.

कधी माझ्या लक्षात आलं, आठवत नाही. मी फोन कानावर घट्ट दाबला आणि वाट बघत राहिले.

तिने अजून एकदाही श्वास घेतला नव्हता.