नाव वाचून दाखवा

बत्ती गेली तं जाऊ द्या. कंदील नका लावू, बसा इथंच गच्चीवर. हे माझ्या साढूसोबत घडलेलं आहे, कृष्णकांतसोबत. भूल देणारा डॉक्टर होता तो. गप्पा हाणणारा माणूस नव्हता.

त्र्याहत्तर सालचा डिसेंबर. नाताळची आदली रात्र, सोमवार, वरून अमावास्या. कृष्णकांत गांधीबागेच्या कापडबाजारात बायकोसाठी शाल घ्यायले गेला होता. शाल घेतली, स्कूटरच्या डिक्कीत टाकली आणि घरी जाता जाता दवाखान्यात डोकावला. सकाळी ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्याले पाहायचं होतं, बस. दवाखान्याचं नाव नाही सांगत. अजून चालू आहे तो.

तो निघणार, तेवढ्यात फाटकातून जीप आली. मौदा गावाकडची. आत कौसल्या नावाची बाई. दूध काढताना म्हशीनं पोटात लाथ मारली होती. वरून साधा ओरखडा नाही, पण आत डाव्या बरगडीखालची प्लीहा फुटलेली, पोट रक्तानं भरून राहिलं होतं. ओठ पांढरेफटक. तिचा नवरा लहानू कृष्णकांतचा हात सोडेना.

"साहेब, लेकरं लहान आहेत जी. तिले वाचवा."

"तू इथंच बस गा," कृष्णकांत म्हणाला. "आम्ही आहोत न."

नाताळामुळे निम्म्या सिस्टर सुटीवर होत्या. ऑपरेशन थेटरात मोठे सर्जन, त्यांचा एक मदतनीस, सिस्टर प्रेमिला आणि उशाशी कृष्णकांत. त्यानं भूल दिली, घशातून श्वासनळीत रबरी नळी घातली. आता तिचा श्वास म्हणजे कृष्णकांतच्या हातातली काळी पिशवी. तो दाबेल तेव्हा छाती वर येईल. अशी नळी घातलेला माणूस बोलत नाही, बरं का. हूं की चूं नाही करू शकत.

पोट उघडलं आणि रक्तदाब धडाधड उतरला.

"रक्त लावा!" सर्जन ओरडले.

तिथं एक नियम होता. बाटलीवरचं नाव एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं रोग्याच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडायचं, मगच रक्त सोडायचं. दुसऱ्या गटाचं रक्त अंगात गेलं, तं माणूस टेबलावरच जातो. पण बाई हातची चालली होती. प्रेमिलानं धावत आणलेली बाटली तशीच टांगली, नळी जोडली. आता फक्त नळीवरचा चिमटा सोडायचा, की रक्त सुरू.

"नाव वाचून दाखवा..."

बाईचा आवाज. हळू.

प्रेमिलाचा हात थांबला. "सर, कोण बोललं?"

कोणीच नव्हतं बोललं.

"सिस्टर, चिमटा!" सर्जन.

"माह्यं... नाही थे..."

आवाज टेबलावरून आला. कौसल्याच्या तोंडातून. नळी घातलेल्या तोंडातून. ओठ हलले नाहीत. डोळ्यांवर पट्ट्या तशाच.

कृष्णकांतच्या हातून पिशवी सुटली.

आणि... छाती वर आली.

खाली गेली. पुन्हा वर.

त्यानं पिशवीकडे पाहिलं. ती दबून-सुटून राहिली होती. आपोआप. रबरात बोटं रुतावीत तशा खळ्या पडत होत्या. एक... दोन... चार बोटं. अंगठा.

भुलीच्या ईथरच्या वासात दुसराच वास मिसळला. ओल्या मातीचा.

प्रेमिला पुटपुटली, "सर... हा रुखमाबाईचा आवाज आहे."

रुखमाबाई मागच्या पोळ्याले त्याच टेबलावर गेली होती. चुकीच्या रक्तानं.

"नाव वाच," सर्जन म्हणाले.

प्रेमिलानं वाचलं. बाटली कौसल्याची नव्हती. वॉर्डातल्या त्या म्हाताऱ्याची होती, दुसऱ्याच गटाची. प्रेमिला धावली. कौसल्याची बाटली म्हाताऱ्याच्या उशाशी सापडली, लावायच्या तयारीत. नावं वाचली, पट्टी पाहिली, रक्त सोडलं.

कृष्णकांतनं हात पुढं केला. पिशवीवर काहीतरी थंडगार होतं... मग नव्हतं. पुढचा सगळा वेळ त्यानं एका हातानं पिशवी दाबली आणि दुसऱ्या हातानं टेबलाची कड धरून ठेवली.

कौसल्या वाचली. आठवड्यानं लहानू तिले मौद्याले घेऊन गेला. तिले काहीच आठवत नव्हतं.

पण ऑपरेशन झालं त्याच पहाटे प्रेमिलानं कृष्णकांतले बोलावलं. ती चुकीची बाटली नळी जोडल्यामुळे वाया गेली होती. तिनं रक्त ओतून टाकलं, काच खळखळून धुतली. तरी एक डाग जात नव्हता. कृष्णकांतनं बाटली खिडकीपाशी नेली.

तळहात. पाच बोटं. बाईमाणसाचा लहानसा पंजा, लाल.

त्यानं स्पिरिटचा बोळा घेतला, घासघास घासला. डाग तसाच. मग त्यानं बाटली तिरपी करून पाहिली...

बाटलीच्या तोंडातून आपला अंगठासुद्धा आत जात नाही.

पंजा आतून होता.