साडेनऊपासूनची ओळख

ती दोघं एकमेकांवर आदळली ती कॉलेजच्या मागच्या जिन्यात, सकाळी साडेनऊला. आदळली म्हणजे... ती पायरीवर मुटकुळं करून बसली होती, आणि तो कागदात डोकं खुपसून, स्वतःशीच बडबडत वरून उतरत होता. त्याचा गुडघा तिच्या डोक्यावर बसला. किंचाळली दोघंही, पण त्याची किंकाळी मोठी होती. इतकी, की वाचनालयात पेंगणारे चार प्राध्यापक दचकून उठले आणि चुकून आपापल्या वर्गावर जाऊन शिकवू लागले!

तिला घरीदारी सगळे भागूबाई म्हणत. भित्री म्हणून भागूबाई. कायद्याच्या चौथ्या वर्षाला होती, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की तळहातांना असा घाम सुटायचा, की वहीतली कलमं वाहत जाऊन शेजारणीच्या वहीत शिरायची. आणि आज तर स्पर्धा. नवा धंदा काढणाऱ्या लुटुपुटीच्या अशिलाला वीस मिनिटांत सल्ला द्यायचा, समोर तीन परीक्षक. जिंकणाऱ्या जोडीला एका नामांकित वकिलांकडे वर्षभर उमेदवारी. तिची जोडीदार होती तिची मामेबहीण, आणि त्या उमेदवारीसाठी ताई दोन महिने झोपेतही उलटतपासणी घेत होती.

"लागलं का हो?" त्यानं विचारलं.

"नाही... मी आधीपासूनच घाबरलेली आहे."

"मग बरं झालं. मीपण." तो धपकन शेजारी बसला. "तुम्ही इथल्या कार्यकर्त्या ना? जरा मदत करा. मला आज सोंग आणायचंय, आणि शाळेच्या नाटकात मी झाड झालो होतो तेव्हासुद्धा वाक्य विसरलो होतो."

"झाडाला वाक्य होतं?"

"नव्हतं. तरी विसरलो."

ती हसली. स्पर्धकाचा बिल्ला तिच्या पिशवीत होता. काढून दाखवायला हवा होता... पण त्याचे डोळे इतके घाबरे आणि इतके हसरे होते, की हात पिशवीपर्यंत गेलाच नाही.

"मी खरा वाटतो का, तेवढं सांगा." त्यानं घसा खाकरला. "हरवलेल्या चष्म्यानं शिट्टी मारावी असं बटण मी बनवतो. हे खरंच बनवतो हं! पुढचं खोटं. आणि हे नेमकं विचारलं तरच सांगायचं... बटणाची रचना माझी नाहीच. मित्राची आहे, आणि त्यानं हक्क मला लिहून दिलेले नाहीत." तो थांबला. "इथं आवाज कापू का?"

तिची नजर कागदाच्या माथ्यावर गेली. ‘फक्त अशिलासाठी. स्पर्धकांना दाखवू नये.’

"कापा," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज कापत होता. मग दोन-दोन पायऱ्या गाळत ती अशी पळाली, की मागे राहिलेली तिची सावली धापा टाकत पाठोपाठ आली.

तीन खोल्या, तीन अशील. दुसरा कुणी येऊ दे, ती मनात घोकत राहिली. आणि त्याच मनाच्या एका कोपऱ्यातून कुणीतरी चोरासारखं म्हणत होतं... तोच येऊ दे.

दार उघडलं. तोच आला.

तिच्या छातीवरचा बिल्ला पाहून तो चुन्यासारखा पांढरा पडला. खुर्चीऐवजी खुर्चीशेजारच्या हवेत बसायला निघाला, टेबल धरून कसाबसा सावरला.

ताईनं प्रश्न सुरू केले. कंपनी कधी काढली, भागीदार किती, करार कुठाय... प्रश्न सुरेख होते, पण सगळे त्या एका गोष्टीला वळसा घालून जात होते. दहा मिनिटं गेली. पंधरा. परीक्षकांतल्या निवृत्त न्यायाधीश बाई पेन्सिल टेकवून वाट पाहत होत्या. ताईनं टेबलाखालून तिला लाथ मारली... बोल की गं!

एकच प्रश्न. ‘रचना कुणाची?’ एवढं विचारलं की उमेदवारी खिशात. त्यानंही तिच्याकडे पाहिलं... विचारा ना, मी कुणाला सांगणार नाही, असं. त्या नजरेनं तिला जास्तच भीती वाटली. हा मुलगा आपल्यासाठी खोटं वागायला तयार आहे. आणि आपण...

"थांबा," ती उभी राहिली. "मला हे काम घेता येणार नाही."

"वेडी झालीस का?" ताई पुटपुटली.

"कारण?" बाईंनी विचारलं. "अशिलाशी काही पूर्वीची ओळख?"

"हो... साडेनऊपासूनची."

खोली हसली. ती नाही हसली. जिन्यातलं सगळं तिनं सांगून टाकलं.

"चूक माझी आहे!" तो ताडकन उठला. "मीच बोलत सुटलो. यांना मी कार्यकर्त्या समजलो."

"बिल्ला मी दाखवला नाही," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढला. "गप्प राहिला असतात, तर आम्हाला पत्ताही लागला नसता."

"माहीत आहे, बाई. पण मी फार भित्री आहे. लपवलं तर जन्मभर घाबरत बसावं लागेल. सांगितलं तर... फक्त आज."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग नियम वाचून दाखवला: जोडी बाद.

बाहेर व्हरांड्यात ताई रडत होती, आणि रडता रडता भांडत होती. "दोन महिने, भागू! निदान मला तरी आधी सांगायचंस!"

"तू विचारून टाक म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!" ताईनं फाईल उचलली आणि तरातरा फाटकाकडे निघाली. मागे वळून पाहिलं नाही. लहानपणापासून ताई पुढे, ती मागे, असंच चालत आलं होतं. ती पाऊल उचलणार, तोच तो समोर आला.

"माझ्यामुळे गेलं तुमचं सगळं."

"अर्धं माझ्यामुळे."

"एक विचारू? आता तुम्ही माझ्या वकील नाही ना?"

"नाही. मला नुकतंच काढून टाकलंय."

"मग... आता काही बोललो तर नियमात बसतं?"

तिनं खाली पाहिलं. फरशी बरी होती, तिला डोळे नव्हते. "काय बोलायचंय त्यावर आहे."

"की... तुम्ही जिन्यात हसलात ना, तेव्हापासून मला कागदावरचं एक अक्षर आठवेना. आतसुद्धा मी अंदाजानंच उत्तरं देत होतो. आणि आता तुम्ही निघून जाल, याची जेवढी भीती वाटतेय, तेवढी परीक्षकांचीही नव्हती वाटली."

"भागूऽ! येतेस की नाही?" फाटकातून ताई ओरडली. रागावली तरी थांबली होती.

तिनं फाटकाकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं.

"तू हो पुढे, ताई," ती म्हणाली. "मी... मी येते मागून."

आणि तिनं हात पुढे केला. त्यानं तो धरला. हात दोघांचेही लटलट कापत होते. कुणाचा जास्त, यावर त्यांचं आजही एकमत नाही.